मदत हवी आहे : गेममधली उडी हातात बसत नाहीये

मंडळी, टूडी प्लॅटफॉर्मर (सपाट पडद्यावर पात्र एका कड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे जातं, असा) गेम बनवतोय आणि गाडी उडीपाशी अडली आहे. माझ्या मते चांगला गेम डोळ्यांआधी बोटांना कळतो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण जास्त वेळ दाबलं की उडी उंच जाते. 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते, म्हणून हरलो तरी राग गेमवर निघत नाही. ही सवलत मीही दिली आहे, ०.१ सेकंदाची. बटण सोडताच वर जाण्याचा वेग निम्मा करतो. तरी पात्र वर पोचलं की फुग्यासारखं तरंगतं आणि उतरताना नेम चुकतो. खाली येताना गुरुत्वाकर्षण वाढवू, की उडीची उंचीच कमी करू? तुम्ही आधी काय बदलून पाहाल? आणि खेळून बघणाऱ्यांना नेमकं विचारायचं तरी काय? 'मस्त आहे' यापलीकडे कुणी काही सांगतच नाही.