मदत हवी आहे: भुलीच्या वायूने श्वासनळीतल्या सिलिया मंदावतात, मग बिडी ओढणाऱ्या माणसाचं काय?

नमस्कार मंडळी,

आमच्या आबांचं (वय ६४) पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलंय, इथंच कोल्हापुरात, दुर्बिणीतून, पूर्ण भूल देऊन. त्यांचं सगळं आयुष्य कागलकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारण्यात गेलं, वर बिडी. सकाळी मोरीपाशी उभं राहून खोकून खोकून घट्ट राखाडी बेडका काढल्याशिवाय चहाला बसत नाहीत. त्यामुळे मला खड्यांपेक्षा छातीची धास्ती जास्त आहे.

वाचलेलं मांडतो, चुकत असेल तर सांगा. श्वासनळीच्या अस्तरात पेशीपेशीवर साधारण २०० सिलिया, म्हणजे केसासारखे सूक्ष्म तंतू असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा लयीत हलून ते कफाचा थर धुळीसकट घशाकडे ढकलतात. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन अशा हुंगवायच्या औषधांनी ही हालचाल मंदावते, डोस वाढेल तशी जास्त. हॅलोथेनचा परिणाम ठळक, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सेवोफ्लुरेनचा त्या मानाने कमी. औषध उतरलं की लय परत येते. पण आबांच्या सिलिया धुरानं आधीच खिळखिळ्या झालेल्या असणार. त्यात भूल देताना श्वासनळीत घालतात त्या नळीतून कोरडा गार वायू, नळीचा फुगा कफाची वाट अडवणार, आणि नंतर पोट दुखतं म्हणून माणूस जोरात खोकत नाही. कफ आतच साचून न्यूमोनिया झाला तर?

वायूऐवजी शिरेतूनच भूल द्या, असा आग्रह धरावा का? आणि बिडी किती दिवस आधी सुटायला हवी? डॉक्टर म्हणालेत, घाई नाही, महिना-दोन महिने थांबता येईल.

प्रतिसाद:

दादा, मी भूलतज्ज्ञ आहे. वाचलंय ते बरोबर आहे. शिरेतून देतात त्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा सिलियांवर परिणाम कमी होतो हे खरं, तरी आग्रह धरू नका. सेवोफ्लुरेनने आकसलेल्या श्वासनलिका सैल होतात, आणि धाप लागणाऱ्या माणसाला त्याचा फायदाच होतो. आबांची छाती तपासून तुमचे भूलतज्ज्ञ ठरवतील. त्यांना बिडी, गुऱ्हाळाचा धूर, सकाळचा बेडका सगळं सांगा, काही लपवू नका. वायू ओलसर आणि कोमट ठेवणारा फिल्टर नळीला लावणार का, एवढं जरूर विचारा.

बिडी आजच बंद. एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, पण सिलिया सावरून कफ कमी व्हायला आठवडे लागतात. किमान चार, आठ मिळाले तर उत्तम. सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटला तरी घाबरून परत बिडी हातात देऊ नका. छातीच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र मिळतं ना, त्यातून हवा आत ओढायची असते, बाहेर फुंकायची नसते. ती सवय आतापासून लावा. ऑपरेशननंतर पोटावर उशी दाबून खोकायला लावा, लवकर उठवून चालवा, दुखत असेल तर वेदनाशामक मागून घ्या. आणि ऑपरेशनआधी बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा ताप आला, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

प्रतिसाद:

ताई, मनापासून आभार. बंडल काढून घेतलंय, आबा रागावलेत. आईला यंत्र दाखवून ठेवतो, तिचं ते ऐकतात.