अण्णांच्या पायाची अँजिओ डाय न टोचता सांगली-मिरजेत होते का?

हळदगल्ली: नमस्कार मंडळी. अण्णा ७१ वर्षांचे, शुगर वीस वर्षांची. आमराईत रोज तीन फेऱ्या मारणारा माणूस आता अर्ध्या फेरीत पोटरी धरून बाकावर बसतो. दोन-तीन मिनिटांत कळ उतरते, पुन्हा निघतात. डॉपलरमध्ये मांडीच्या रक्तवाहिनीत अडथळा दिसला. सर्जन म्हणतात अँजिओ करा, किडनीवाले म्हणतात क्रिएटिनिन २.६ आहे, किडनी कमजोर, डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) नको. एका सेंटरला फोन केला तर "डायशिवाय अँजिओ होतच नाही". दुसरीकडे "होते, पण फक्त डोक्याची". खरं कोणाचं?

मिरजवेस: पहिल्याचं तर नक्कीच चूक. आईला चक्कर यायची तेव्हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय झाला, सुई टोचलीच नाही. पायाचं माहीत नाही.

चुंबकवाला: अकरा वर्षं एमआरआयच्या खोलीबाहेर बसतोय, म्हणून सांगतो. मेंदूसाठी वापरतात ते 'टाइम ऑफ फ्लाइट'. चित्राच्या पट्टीतल्या स्थिर मांसावर रेडिओलहरींचे इतके ठोके मारायचे की ते गप्प होतं. त्याच क्षणी बाहेरून आत आलेल्या रक्ताने ठोके खाल्लेले नसतात, ते चकाकतं. म्हणजे रक्त वाहतंय हाच डाय. गोची इथेच आहे. रक्त हळू असेल किंवा पट्टीच्याच दिशेने आडवं जात असेल तर तेही ठोके खातं आणि काळं पडतं. मग थोडा अडथळा मोठा दिसतो, कधी चालू शीरही बंद वाटते. शिवाय कंबरेपासून पावलापर्यंत असं करायचं तर पेशंट कंटाळून हलतो.

पायासाठी वेगळ्या पद्धती आहेत. एक 'क्विस', २०१० मध्ये आली. ती ईसीजी लावून हृदयाच्या ठोक्याशी जुळवून चित्र घेते. दुसरी 'फ्रेश ब्लड इमेजिंग': हृदयाच्या ठोक्याच्या जोरात धमनीतलं रक्त काळं दिसतं, विसाव्यात उजळ, एकातून दुसरं वजा केलं की धमनी उरते. पण हे सीक्वेन्स (मशीनमधले स्कॅनचे प्रोग्रॅम) प्रत्येक मशीनवर नसतात, बऱ्याचदा वेगळे विकत घ्यावे लागतात. म्हणून फोनवर "अँजिओ होते का" विचारू नका. "पायाची नॉन-कॉन्ट्रास्ट, म्हणजे डायशिवायची, अँजिओ तुम्ही करता का, शेवटची कधी केली" असं विचारा. रिसेप्शनला नाही, टेक्निशियनला.

शंकेखोर: मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला चालेल की ३ च हवी?

चुंबकवाला: १.५ पुरे. टेस्लापेक्षा करणारा हात बघा.

कृष्णाकाठ: एक भर. जुन्या मधुमेह्यांच्या धमन्यांत चुना (कॅल्शियम) साचतो. त्यामुळे पायाचा बीपी खोटा जास्त येतो आणि सीटीवरही चुन्याच्या चकाकीत पोकळी नीट दिसत नाही. एमआरआयला तो त्रास फारसा नाही. आणि गॅडोलिनियमची, म्हणजे एमआरआयच्या डायची, भीती २००६ पासूनची, किडनी खूप खालावलेल्यांना कातडी कडक होण्याचा आजार झाल्यावरची. ते मुख्यतः जुन्या प्रकारच्या औषधांनी झालं. नव्या औषधांत धोका फार कमी मानतात. चित्र अस्पष्ट आलं तर किडनीवाल्यांना हाही पर्याय विचारा.

हळदगल्ली: बरं झालं सांगितलंत. पण अण्णांना ठोके अनियमित म्हणून एक गोळी चालू आहे.

चुंबकवाला: अहो, हे आधी सांगायचं! ईसीजीवर चालणाऱ्या स्कॅनला तेच महत्त्वाचं. क्विस बऱ्यापैकी सांभाळून घेते, वजाबाकीवाली पद्धत लवकर बिघडते. वेळ घेताना आवर्जून सांगा.

हळदगल्ली: मिरजेत एके ठिकाणी टेक्निशियन स्वतः फोनवर आले. क्विस आहे म्हणाले, गुरुवारी सकाळी सातला बोलावलंय. अण्णांचा एकच प्रश्न: कवळी काढावी लागेल का?

चुंबकवाला: काढा. करदोट्यात काही ओवलेलं असेल तर तेही. आणि बंडीच्या आतली टाचणी तुम्हीच तपासा, म्हातारी माणसं ती कधी सांगत नाहीत.