मदत हवी आहे: पोर्क चॉप्सचं क्रीम फाटून राहिलं, आज रात्रीच पाहिजे

वावरातला_बबन
लवकर सांगा, वेळ नाही. क्रीम सॉसमधले पोर्क चॉप्स करायचे आहेत. काल दोन करून पाहिले. मांस चपलेसारखं झालं आणि सॉस फाटून वर तूप, खाली चोथा. व्हिडिओत दाखवलं तसंच केलं होतं. चार चॉप्स उरले, तेही वाया गेले तर परत नागपूर गाठावं लागते. संध्याकाळी सातला ताट वाढायचं आहे. चिकन करा, पनीर करा असं कोणी सांगू नका.

सहा_शिट्ट्या
चिकन कर ना भाऊ. नाहीच ऐकायचं तर कुकरला लाव, सहा शिट्ट्या, मऊसूत. सावजी मसाला टाकला तर क्रीमची गरजच नाही.

सुगरण_काकू
क्रीम कोणतं? पाकिटातलं की घरचं? आंबट काही घातलं होतं का? चॉप्स जाड किती? "फाटलं" एवढ्यावर आम्ही काय ओळखायचं, बाळा?

वावरातला_बबन
क्रीम म्हणजे साय. म्हशीच्या दुधाची, दोन दिवसांची, चमच्यानं फेटून घेतली. गावात पाकीट मिळत नाही, परतवाड्याले जावं लागते. एक लिंबू पिळलं. चॉप्स आडव्या बोटाएवढे जाड.

सुगरण_काकू
अख्खं लिंबू! अरे, मग ते पनीरच झालं. तापलेल्या दुधात आंबट पडलं की प्रथिनं गोळा होणारच. त्यात दोन दिवसांची साय आधीच थोडी आंबटलेली असते. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो आणि ते एकजीव केलेलं असतं. सायीत लोण्याचे कण आणि दूध वेगवेगळं, म्हणून ती लवकर फुटते. ताजी साय घे, थोडं दूध घालून मिक्सरमधून फक्त दोन-तीन झटके दे. जास्त फिरवलीस तर लोणी निघेल. लिंबू घालायचंच नाही. फार वाटलं तर ताटात वरून दोन थेंब.

वरुडचा_राजा
लिंबू नको, संत्रं टाका! आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा अर्धा वाटी रस. डुकराच्या मांसासोबत संत्रं लय जमते, बाहेरदेशात पण खातात.

सुगरण_काकू
राजाभाऊ, संत्रंही आंबटच.

वरुडचा_राजा
आमचं गोड असते.

मडगावची_माई
मी गोव्याची, लग्न होऊन वर्ध्याला आले त्याला वीस वर्षं झाली. सहा शिट्ट्यावाल्या भाऊंनी सांगितलेलं अजिबात करू नका. चॉप म्हणजे पाठीच्या बाजूचं मांस, त्यात चरबी कमी आणि चिवट पडदेही कमी. जास्त शिजवलं की रस निघून जातो आणि उरतो नुसता दोरा. कुकरला खांद्याचं मांस लावा, ते शिट्ट्यांनी मऊ होतं. बोटाएवढ्या चॉपला कडक तापलेल्या तव्यावर एका बाजूला दोन-अडीच मिनिटं पुरेत. तुम्ही किती वेळ ठेवलेले?

वावरातला_बबन
वीस मिनिटं. कच्चं राहू नये म्हणून.

मडगावची_माई
देवा! वीस मिनिटांत तुमच्याकडची वांगी होतात.

सहा_शिट्ट्या
आमच्या घरी तीस वर्षांपासून कुकरलाच लावतात, आजपर्यंत कोणी मेलं नाही.

मडगावची_माई
मरण्याचा विषय नाही हो, चावण्याचा आहे.

धारणीकर
भाऊ, डुकरासाठी नागपूरले कायले गेले? आमच्याकडं रानडुकरं हरभऱ्यात रोज रात्री हैदोस घालून राहिली. एखादं...

नियमावर_बोट
धारणीकर, थांबा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुकराचाही समावेश आहे. शिकार आणि मांस बाळगणं दोन्ही गुन्हे. नुकसान झालं असेल तर वनखात्याकडे अर्ज करा.

धारणीकर
अर्ज केला. पंचनाम्याले माणूस येईपर्यंत हरभराच राहिला नाही. सौर कुंपणाचं कोणाले माहीत असन तर सांगजो.

तापमापक
धाग्यावर या. मांस शिजलं की नाही हे वेळेवरून ठरवू नका, तापमानावरून ठरवा. मधोमध 63 अंश आणि मग 3 मिनिटं तसंच ठेवायचं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अखंड तुकड्यांसाठी हे 2011 मध्ये ठरवलं, आधी 71 म्हणायचे. 63 ला आत किंचित गुलाबी दिसतं, तेच बरोबर.

वावरातला_बबन
मांसाचा थर्मामीटर गावात कोणाकडं असन? तापाचा आहे घरी.

तापमापक
तो अजिबात घालू नका, 42 च्या वर त्याचा पारा जातच नाही. काचेचा असेल तर फुटेल आणि पारा जेवणात. बरं, गॅस मंद करून सॉस केला होता ना? मोठ्या आचेवर चांगलं क्रीमही फुटतं.

वावरातला_बबन
गॅस नाही. चूल.

सुगरण_काकू
चूल? हे आता सांगतोस?

वावरातला_बबन
त्यात काय सांगायचं. आई घरच्या स्वयंपाकघरात डुक्कर आणू देत नाही. म्हणे गंज-पातेली बाटतात. म्हणून वावरातल्या खोलीत चूल मांडली, लोखंडी तवा तिथलाच. तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळतो.

धारणीकर
तुराटीचा जाळ म्हणजे भडका. तिथंच घोळ झाला बाप्पा. पऱ्हाटी पण तशीच, भसकन पेटते आणि विझते. बाभळीचं लाकूड घेजो, आधी जाळून निखाऱ्यांचा चांगला इस्तो पडू देजो. तव्याले भडका दे, सॉसले फक्त इस्तो. आणि कुंपणाचं?

सुगरण_काकू
बघा, आता कळलं. साय, लिंबू आणि भडकता जाळ, तिन्ही एकदम. धारणीकर बरोबर सांगतायत. चॉप्स काढून घेतले की लाकडं मागे ओढ, तवा खाली उतरवून विटांवर ठेव. दोन मिनिटं थांब. सायीत तव्यातला रस चमचा-चमचा मिसळून ती कोमट कर, मग तव्यात ओत. थंड साय तापल्या तव्यात कधी ओतायची नाही. त्याआधी कांद्यासोबत चमचाभर मैदा परत, त्यानं सॉस धरून राहतो. साय पडल्यावर उकळी नको, कडेला बुडबुडे दिसले की पुरे.

मडगावची_माई
त्या तव्यावर आधी पाव कप पांढरी वाईन घाला, खाली चिकटलेलं सगळं सुटेल. चव तिथंच असते.

वावरातला_बबन
वाईन नाही चालत.

मडगावची_माई
पोर्क चालतं आणि वाईन नाही? 😀

वावरातला_बबन
बायकोसाठी आहे. सातवा महिना. ती मडगावची, तिची मम्मी असे करायची. डोहाळे लागले तेव्हापासून हेच. आईनं केलेले अनारसे, चकल्या सगळं बाजूला.

सुगरण_काकू
अगंबाई! अभिनंदन रे. पण हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस.

तापमापक
मग माझं 63 विसरा. आकड्यानं तेही सुरक्षित आहे, पण तुमच्याकडे मोजायला काही नाही. अंदाजानं करायचं तर आत गुलाबी राहता कामा नये. कच्च्या राहिलेल्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भाला बाधतो. डुकरात फीतकृमीचाही धोका असतो. जाड भागाला सुरीनं चीर द्या, रस पाण्यासारखा स्वच्छ आला पाहिजे.

सहा_शिट्ट्या
म्हणूनच म्हणत होतो, कुकर.

तापमापक
दादा, पूर्ण शिजणं आणि दोरा होणं यात पाच-सहा मिनिटांचं अंतर आहे, सहा शिट्ट्यांचं नाही.

मडगावची_माई
मडगावची! मग तर माझ्याच गावची पोर. माफ करा, वाईन खरंच नको. कोंबडीचं नाहीतर भाज्यांचं गरम पाणी घाला, तेवढंच खरवडून घ्या. आता नीट ऐका. लिटरभर पाण्यात तीन चमचे मीठ, चॉप्स अर्धा तास त्यात बुडवा, आतून ओले राहतात. मग फडक्यानं कोरडे टिपा, ओला चॉप भाजत नाही, उकडतो. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर तव्यात वाटीसारखा वळतो. तीन मिनिटं एक बाजू, तीन दुसरी, मग इस्त्यावर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं. चीर देऊन बघा. मिठाचं पाणी वापरलंत तर सॉसला वेगळं मीठ घालू नका, हे नक्की विसराल. कालचे चॉप्स बर्फातून कसे काढले होते?

वावरातला_बबन
मित्रानं थर्माकोलच्या डब्यात आणले. काल घाईत गरम पाण्यात टाकले होते. आज सकाळपासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत.

नियमावर_बोट
घरच्या फ्रीजमध्ये? आईला माहीत आहे?

वावरातला_बबन
चार पिशव्यांत गुंडाळून, वर पालक.

वरुडचा_राजा
संत्रं सोबत कापून द्या, सॉसमध्ये नाही. एवढं तरी ऐका.

वावरातला_बबन (रात्री 9:40)
झालं. फाटलं नाही. बाभळीच्या इस्त्यावर तवा उतरवून केलं. मांस आतून पांढरं, पण ओलं. मिठाचं माईंनी सांगूनही विसरलोच, सॉस थोडा खारट झाला, मग दूध वाढवलं. बायकोनं दोन खाल्ले, राजाभाऊंचं संत्रं पण खाल्लं. मग म्हणते, छान आहे, पण मम्मीची चव नाही, ती यात मोहरीची पेस्ट घालायची. दोन चॉप्स उरले. मोहरीची पेस्ट घरी कशी करतात?

सुगरण_काकू
हे पण आत्ताच सांगतोयस. पिवळी मोहरी आहे का घरी, की काळीच?

धारणीकर
भाऊ, पालक काढून फ्रीज साफ करजो आधी. आणि त्या कुंपणाचं मले कोणी सांगितलंच नाही.