१८७० ला फ्रेंचांची बंदूक भारी होती, मग सहा आठवड्यांत सम्राटच कैद कसा झाला?

भटका_वाचक:
नमस्कार मंडळी. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इतिहास विषय. आम्हाला जर्मनीचं एकीकरण म्हणजे बिस्मार्क, एम्सची तार, सेदान, व्हर्साय, झालं, दीड पानात विषय संपला. पण १८७०-७१ च्या प्रशिया-फ्रान्स युद्धाबद्दल स्वतःहून वाचायला लागलो आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

फ्रेंचांकडे शास्पो रायफल होती, १८६६ चं मॉडेल, हजार-बाराशे मीटरपर्यंत गोळी जायची. समोर प्रशियनांकडे ड्रायझेची नीडल गन, जी त्यांनी १८४१ ला स्वीकारलेली, म्हणजे जवळपास तीस वर्षं जुनं डिझाइन, मागून गॅस गळायचा, पाचसहाशे मीटरच्या पुढे फारसा उपयोग नाही. शिवाय फ्रेंचांकडे मित्रायोझ होती, २५ नळ्यांची, मशीनगनची आजीच म्हणा. आणि सैन्य काही नवखं नव्हतं, अल्जेरिया, क्रिमिया, इटली, मेक्सिको सगळीकडे लढून आलेलं.

तरी १९ जुलैला युद्ध पुकारलं आणि २ सप्टेंबरला सेदानला फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा शरण आला, सोबत लाखभर सैन्य. लोक म्हणतात फ्रेंच बेसावध होते. अहो पण युद्ध तर त्यांनीच जाहीर केलं ना? स्वतः पुकारलेल्या युद्धात माणूस बेसावध कसा असू शकतो? कुणीतरी नीट समजावून सांगा.

तोपची:
प्रश्न चांगला आहे रे पोरा. मी तोफखान्यात होतो, देवळालीला ट्रेनिंग झालं, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मी तोफांचंच सांगणार.

तू बंदुका मोजल्यास, तोफा मोज. फ्रेंचांच्या तोफा पितळी, म्हणजे ब्राँझच्या, आणि तोंडातून भरायच्या. प्रशियनांच्या क्रुप या जर्मन कारखान्याच्या पोलादी, मागून भरायच्या, पल्ला जास्त, नेम जास्त, भरायला वेळ कमी. पण खरा फरक फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीत होता आणि हे पुस्तकात फार कमी लिहितात. फ्रेंचांचा गोळा टाइम फ्यूजचा, तोही मोजक्या ठरलेल्या अंतरांवरच फुटणारा. म्हणजे शत्रू त्या पट्ट्यात असला तर ठीक, नाहीतर गोळा त्याच्या डोक्यावरून जाऊन वर हवेत फुटणार. प्रशियनांचा गोळा जमिनीवर आपटला की फुटायचा. याचा फायदा नुसता माणसं मारण्यात नाही, आपटल्या जागी धूर आणि माती उडते ती लांबून दिसते, मग तोफेवरचा माणूस पुढचा गोळा दुरुस्त करून टाकतो, तिसऱ्या-चौथ्याला बरोब्बर जागेवर. ज्याने तोफ चालवलीये त्याला कळेल की पडलेला गोळा दिसणं म्हणजे काय असतं.

आणि हे त्यांना जन्मजात येत नव्हतं बरं का. १८६६ ला ऑस्ट्रियाशी लढताना क्योनिगग्रेट्झला प्रशियन तोफखाना कमी पडला होता, ऑस्ट्रियन तोफा सरस ठरल्या. जिंकूनसुद्धा प्रशियनांनी ते मनावर घेतलं, हिंडरसिन नावाच्या जनरलने तोफखान्यासाठी नेमबाजीची शाळा काढली, आणि चार वर्षांत तोफखाना लढाईच्या शेपटाकडून तोंडाशी आणला. जिंकलेला माणूस स्वतःच्या चुका शोधत बसलाय हे मी तरी फार कमी पाहिलंय. आणि क्रुपच्या पोलादी तोफा काही लपवलेल्या नव्हत्या, १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात क्रुपने आपली अगडबंब तोफ मांडली होती, सगळं पॅरिस बघून गेलं.

मित्रायोझबद्दल. ती इतकी गुप्त ठेवली की स्वतःच्याच सैन्याला धड शिकवली नाही. वापरली कशी, तर तोफांच्या बॅटरीत म्हणजे तुकडीत, तोफेसारखी, लांबून. मग क्रुपच्या तोफांनी तिला आधी टिपलं. तीच पायदळाबरोबर पुढे ठेवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

सेदान तर तोफखान्याचीच लढाई. गाव म्यूझ नदीच्या खोलगट भागात, भोवती टेकड्या, टेकड्यांवर जर्मन तोफा. फ्रेंच जनरल द्युक्रोने नकाशा बघून आदल्या रात्रीच ओळखलं होतं की आपण घंगाळात अडकलोय, त्याचा मूळ शब्द जास्त घाण आहे.

जुनीपानं:
तोपची सरांचं तोफांबद्दल सगळं मान्य. पण माझ्या मते तोफ डागायच्या आधीच अर्धा निकाल लागला होता. मी रेल्वेत ऑपरेटिंगला आहे, रेक कुठे अडकला की मागे काय काय तुंबतं हे रोज बघते, म्हणून मला हा भाग वाचताना अक्षरशः अस्वस्थ व्हायला झालं.

प्रशियात प्रत्येक कोअर, म्हणजे तीसेक हजारांची फौज, आपापल्या प्रांताचा. राखीव सैनिक घरातून निघाला की जवळच्याच डेपोत जाणार, युनिफॉर्म-बंदूक घेणार, ओळखीच्या लोकांबरोबर आख्खी रेजिमेंट तयार होऊन मगच गाडीत बसणार. कुठली गाडी कुठल्या लाइनने कधी सुटणार याचं टाइमटेबल प्रशियन सेनाप्रमुख मोल्टकेच्या जनरल स्टाफने, म्हणजे युद्धाचं नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शांततेच्या काळातच करून ठेवलेलं. उत्तर जर्मनीच्या सहा लाइनी, दक्षिणेच्या तीन. १८ दिवसांत साधारण ४,६२,००० माणूस सरहद्दीवर.

फ्रान्सचं उलटं. तिथे रेजिमेंटा देशभर फिरत्या, जिथे मुक्काम तिथे डेपो नाही. वेळ वाचवायचा म्हणून सरकारने ठरवलं की सैन्य आहे तसं सरहद्दीवर पाठवा, राखीव माणसं आणि सामान मागून येईल. म्हणजे जमवाजमव आणि कूच दोन्ही एकदम, त्याच रुळांवर. राखीव सैनिक आधी घरून डेपोला, तिथून रेजिमेंट शोधत सरहद्दीला. झुआव्ह नावाच्या फ्रेंच पायदळ पलटणींचा डेपो तर अल्जेरियात, म्हणजे उत्तर फ्रान्समधला माणूस समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाणार, सामान घेणार, परत समुद्र ओलांडून आल्सासला. सरहद्दीजवळच्या मेत्झ या किल्ल्याच्या शहरात स्टेशनात वाघिणींच्या रांगा, कुठल्या वाघिणीत काय आहे कुणाला ठाऊक नाही, उतरवायला माणसं नाहीत, आणि वाघिणी रिकाम्या होत नाहीत म्हणून मागच्या गाड्यांना डबे नाहीत. जनरल मिशेलची एक तार प्रसिद्ध आहे, बेल्फोर्टला पोचल्यावर त्याने पॅरिसला कळवलं की माझी ब्रिगेड सापडली नाही, डिव्हिजनचे कमांडर सापडले नाहीत, माझ्या रेजिमेंटा कुठे आहेत माहीत नाही, काय करू? हा जनरल आहे! आणि अधिकाऱ्यांना नकाशे दिले होते ते जर्मनीचे, लढाई झाली फ्रान्समध्ये.

जुलै संपताना फ्रेंचांची अडीच लाखही माणसं सरहद्दीवर नव्हती. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की युद्ध पुकारणं हा एका दिवसाचा निर्णय होता, तयारी मात्र वर्षानुवर्षांची लागते. युद्धमंत्री लबफने सांगून टाकलं होतं की सगळं तयार आहे, गेटरचं (बुटावर बांधायच्या पट्ट्याचं) एक बटणसुद्धा कमी नाही. मार्शल नीलने १८६८ ला सैन्य सुधारायचा, राखीव दल मोठं करायचा प्रयत्न केला होता पण संसदेने त्याला कात्री लावली आणि १८६९ ला तो वारला. बाकी मग वरातीमागून घोडं.

राइनकाठी:
मी सध्या जर्मनीत सारब्रुकनला राहतो, फ्रान्सची हद्द सायकलवर अर्ध्या तासात, त्यामुळे ही सगळी ठिकाणं पायी बघितलीयेत. वरच्या दोघांचंही बरोबर आहे पण मला वाटतं तुम्ही दोघं फ्रेंच सैनिकावर थोडा अन्याय करताय. कारण तोफा कमी, माणसं कमी, तरी ऑगस्टच्या मध्यात ते युद्ध फिरवू शकले असते आणि ते एका माणसामुळे झालं नाही. बाझेन, तिथल्या फ्रेंच सैन्याचा सेनापती.

१६ ऑगस्ट, मार्स-ला-तूर. बाझेनचं सव्वा-दीड लाखाचं सैन्य मेत्झहून व्हर्दाँकडे निघालंय, वाटेत आल्व्हेन्सलेबेनचा एकटा प्रशियन कोअर आडवा आला. एकच कोअर! त्याला वाटलं आपण फ्रेंचांच्या पिछाडीला गाठलंय, प्रत्यक्षात समोर आख्खं सैन्य होतं. दुपारी तर पायदळ थकून गेलं म्हणून ब्रेदोची घोडदळाची ब्रिगेड सरळ तोफांवर सोडली, आठशेच्या आसपास घोडेस्वार, त्यातले जवळपास निम्मे गेले, जर्मन लोक त्याला मरणाची दौड म्हणतात. त्या दिवशी बाझेनने नुसता जोर लावला असता तरी रस्ता मोकळा होता. पण त्याला एकच चिंता, मेत्झशी संबंध तुटता कामा नये. रात्री सैन्य परत मेत्झच्या दिशेने मागे घेतलं.

मग १८ ऑगस्ट, ग्राव्हलोत–सँ प्रिव्हा. तुझी शास्पो काय करू शकते ते इथे दिसलं. सँ प्रिव्हा गाव उंचावर आहे, समोर उघडा चढ, ना झाड ना बांध. संध्याकाळी प्रशियन गार्ड त्या चढावरून चालत वर निघाले आणि प्रशियन बंदुकीचा पल्ला सुरू व्हायच्या कितीतरी आधी गोळ्यांच्या पावसात सापडले. गार्डची आठ हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मी तो चढ चढलोय, दम लागण्याइतकाही नाही, हळूच वर जाणारं शेत आहे, आणि त्यामुळेच भीती वाटते कारण लपायला एक खळगासुद्धा नाही. दिवसभरात जर्मनांचं नुकसान सुमारे २०,०००, फ्रेंचांचं सुमारे १२,०००. गावात फ्रेंच मार्शल कानरोबेर होता, तो मदत मागत राहिला, बाझेन दिवसभर मागे प्लापव्हीलला बसून, लढाई बघायलाही धड आला नाही, फ्रेंच गार्डचं राखीव दल वेळेवर पोचलं नाही. शेवटी प्रशियाच्या बाजूचं सॅक्सन सैन्य रोंकूरवरून बाजूने आलं, तोफांनी गाव पेटवलं आणि अंधार पडताना गाव पडलं.

त्यानंतर बाझेन मेत्झमध्ये कोंडला गेला, त्याला सोडवायला दुसऱ्या फ्रेंच सैन्याचा सेनापती मॅकमहोन सम्राटाला घेऊन निघाला तो सेदानच्या सापळ्यात गेला. २७ ऑक्टोबरला बाझेनने मेत्झ दिलं, एक लाख सत्तर हजारांवर सैनिक कैद, एवढं सैन्य. १८७३ ला त्याच्यावर खटला होऊन मृत्युदंड झाला, तो वीस वर्षांच्या कैदेवर आला आणि पुढच्याच वर्षी तो बेटावरच्या किल्ल्यातून पळाला.

तोपची:
राइनकाठी, चढाबद्दल लिहिलंत ते वाचून दोन मिनिटं थांबलो. मान्य, सँ प्रिव्हाला बंदूक जिंकत होती. पण बघा, शेवटी गाव पाडलं ते तोफांनीच. आणि एक गोष्ट बाझेनच्या बाजूने नाही पण समजून घ्यायला सांगतो. मोल्टकेचे कोअर कमांडर वरून हुकूम यायची वाट बघत नव्हते, तोफांचा आवाज आला की त्या दिशेने चालायला लागायचे. आल्व्हेन्सलेबेन हे त्याचंच उदाहरण. फ्रेंचांकडे हुकूम आल्याशिवाय हलायचं नाही अशी सवय. ६ ऑगस्टला स्पिचेरेनला फ्रेंच जनरल फ्रोस्सार एकटा लढत होता, बाझेनच्या डिव्हिजन्स जवळच होत्या, वेळेत एकही पोचली नाही. प्रशियनांची ही पद्धत १८०६ ला येनाला नेपोलियन पहिल्याने धुलाई केल्यानंतरची आहे, शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ या प्रशियन अधिकाऱ्यांनी तेव्हापासून स्टाफ अधिकारी घडवायला घेतले. चौसष्ट वर्षांची मेहनत आहे ती.

भटका_वाचक:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिघांनाही मनापासून धन्यवाद. जुनीपानं ताई, रेल्वेचा भाग वाचून पहिल्यांदा कळलं की मोबिलायझेशन हा शब्द पुस्तकात एवढ्या वेळा का येतो. एकच विचारायचं राहिलं, १९४० लाही फ्रान्स सहा आठवड्यांत पडला आणि तेव्हाही सेदान. हा योगायोग की तीच कारणं?

जुनीपानं:
जागा तीच कारण म्यूझ नदी आणि आर्देनचं जंगल हलत नाही. पण १९४० ला फ्रेंचांची जमवाजमव झालेली होती, सप्टेंबर १९३९ पासून सैन्य उभं होतं, त्यामुळे माझं १८७० चं उत्तर तिथे जसंच्या तसं चालणार नाही. रणगाडेही चांगले होते, बी-१ च्या चिलखतापुढे जर्मनांच्या बऱ्याच तोफा लुळ्या पडायच्या. जुळतं ते तोपची सर म्हणाले ते. १३ मे ला जर्मन जनरल गुडेरियनची माणसं सेदानला नदी ओलांडत होती, आणि सरसेनापती गामेलँच्या व्हाँसेनच्या मुख्यालयात रेडिओसुद्धा नव्हता. निरोप जाईपर्यंत परिस्थिती बदललेली. यावर वेगळा धागा काढ, इथे मावणार नाही.

राइनकाठी:
हो वेगळा काढ, मीही लिहीन. आणि कधी इकडे आलास तर दोन ठिकाणं चुकवू नकोस.

एक इथे सारब्रुकनमध्येच, जर्मन-फ्रेंच बागेत एरेंटाल म्हणून १८७० च्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे काथरिना वाइसगेर्बर नावाच्या बाईची कबर आहे, लोक तिला शुल्त्स काथरिन म्हणायचे. लोकांच्या घरी कामाला असणारी साधी बाई, स्पिचेरेनच्या लढाईत गोळीबार चालू असताना जखमींना पाणी देत, उचलून आणत फिरली, दोन्ही बाजूंच्या. जनरलांची नावं सगळ्यांना माहीत असतात म्हणून हिचं मुद्दाम लिहिलं.

दुसरं ग्राव्हलोत, मेत्झपासून पंधराएक किलोमीटर, तिथे या युद्धाचं आणि नंतर जर्मनीने जोडून घेतलेल्या प्रदेशाचं म्युझियम आहे. ते आधी बघ. मग सँत-मारी-ओ-शेन गावात जा आणि तिथून सँ प्रिव्हाकडे पायी चालत जा, गाडीने नको. गार्ड ज्या बाजूने चढले तीच बाजू आहे ती. वाटेत शेतांमध्ये रेजिमेंटांची स्मारकं दिसतील.