'पाणी' विषयावर कथा पाठवायचीय, इंदुरी मराठी चालेल का?

मालव्याची_लेक
नमस्कार मंडळी, आमच्या इथलं मराठी मंडळ इंदूरच्या लेखकांचा कथासंग्रह काढतंय, त्यासाठी स्पर्धा आहे, विषय 'पाणी', मर्यादा १५०० शब्द. मी पहिल्यांदाच पाठवून राहिलीय. गोष्ट माझ्या आजीची आहे, ती रामबागेत राहायची आणि १९७८ साली नर्मदेचं पाणी शहरात आलं तेव्हा तिने आधी नळाला हळदकुंकू वाहिलं, मग खाली भांडं लावलं. पण लिहायला बसले तर ११०० शब्द झाले आणि त्यात हे पाणी शहरात आणा म्हणून झालेलं १९७० चं आंदोलन, नर्मदाकाठच्या जलूद गावचे पंप, विंध्य चढून येणारी पाइपलाइन हेच सगळं आलं, आजी राहिली शेवटच्या दोन परिच्छेदांत. काय करू? दुसरं म्हणजे आजी 'नळ येऊन राहिलेत, बाल्टी लाव' असंच बोलायची, परीक्षक पुण्याचे आहेत, 'बादली' करू का? आणि फॉर्मवर 'कथेचे सर्व हक्क मंडळाकडे राहतील' असं छापलंय, सही करावी का?

जुना_वाचक
ताई, मी दोनदा अशा स्पर्धेच्या कथा वाचायला बसलोय. विषय पाणी म्हटला की निम्म्या कथांत पहिल्याच पानावर पाऊस नाहीतर नदी असते, आणि चाळिसावी कथा हातात येईपर्यंत वाचणारा थकलेला असतो. तुमच्याकडे हळदकुंकू आहे, ते दुसऱ्या कोणाकडे नाही, तिथूनच सुरू करा. आंदोलनाचं एकच वाक्य ठेवा आणि तेही आजीच्या तोंडी, म्हणजे त्या दिवसांत घरातलं कोण मोर्चात गेलं, स्वयंपाक कोणी केला वगैरे. जलूद ७० किलोमीटरवर आहे हे इंदूरच्या वाचकाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला आजी आवडली तर तो स्वतःच शोधेल. कापताना जीव तुटतो मला माहितीय, पण ते ८०० शब्द वेगळ्या फाइलमधे ठेवा, त्यांचा चांगला लेख होईल.

रात्रपाळी
बाल्टीला अजिबात हात लावू नका!! आपण तीनचार पिढ्या इथे हिंदीत राहून मराठी बोलतोय, ती अशीच झालीय, आणि इंदूरच्या संग्रहात ती नाही छापायची तर कुठे छापायची. फक्त निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत ठेवा आणि 'येऊन राहिलेत' संवादात, म्हणजे पुण्याच्या परीक्षकांना चूक वाटणार नाही, माणूस ऐकू येईल. कंसात अर्थ देऊ नका, 'बाल्टी' कोणालाही कळते.

कागदपत्रवाला
हक्कांचं नीट वाचा. स्पर्धेत भाग घेतला म्हणून कॉपीराइट आपोआप जात नाही, तो लेखी आणि सहीनेच जातो, म्हणून त्या ओळीखालची सही महत्त्वाची. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण 'कायमचे' असं लिहून सही केली तर ती मुदत लागू नाही. मंडळाच्या लोकांना सरळ फोन करा, 'या संग्रहात एकदा छापायची परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे' असं लिहून द्या म्हणावं. बहुतेक वेळा त्यांनी कुठलातरी जुना फॉर्म उचललेला असतो आणि ते लगेच बदलतात. आणि कथा युनिकोडमधे टाइप करून पाठवा, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा पार कचरा होतो.

वाड्यातला
मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात नळ खड्ड्यात होता, प्रेशर कमी म्हणून खाली खणून बसवलेला, हंडा त्याखाली मावायचाच नाही, तांब्याने भरून हंड्यात ओतायचो. तुमच्या आजींनी हळदकुंकू वाहिलं ते वाकून की खाली उतरून, हे घरी विचारून बघा.

मालव्याची_लेक
काका, आत्ताच आईला फोन केला. खड्डाच होता, दोन पायऱ्यांचा. आजी खालच्या पायरीवर बसली होती आणि आई वरून कुंकवाचा करंडा देत होती, आई म्हणाली पाणी आलं तेव्हा आजीचं लुगडं भिजलं तरी ती उठली नाही. आज रात्री तिथूनच लिहायला घेते. मंडळाला फोन उद्या सकाळी.