लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुन्हा पाण्यात उतरावे काय?

नगरकर_वाचक (चर्चाप्रस्ताव)

माझा पुतण्या २४ वर्षांचा आहे. तो सहा महिन्यांचा असताना आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याचा बाप्तिस्मा झाला, पुढे १६व्या वर्षी दृढीकरण झाले, म्हणजे त्याने स्वतः विश्वासाची कबुली दिली, आणि तेव्हापासून तो प्रभुभोजनात, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीत, सहभागी होत आला. गेले वर्षभर तो पुण्यातल्या एका प्रार्थनागटात जातो. तुझ्या कपाळावर पाणी पडले तेव्हा विश्वास म्हणजे काय हे तुला ठाऊकच नव्हते, तेव्हा तो बाप्तिस्माच नव्हे, असे त्याला तेथे सांगण्यात आले आणि पुढच्या महिन्यात तो नदीत बुडीचा, म्हणजे पूर्ण पाण्याखाली जाऊन घ्यायचा, बाप्तिस्मा घेणार आहे. माझा या गोष्टीला विरोध आहे, आणि तो घराण्याच्या अभिमानातून आलेला नाही, हे आधीच नमूद करतो.

माझ्या मते सगळा वाद एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: संस्कारात करणारा कोण? माणूस देवाला काही देतो की देव माणसाला? छळाच्या काळात पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंनी केलेले संस्कार खरे मानावेत की नाही, यावरून चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज दुभंगला. त्यावर संत ऑगस्टीन यांचे उत्तर असे होते की, हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्तच. देणाऱ्याच्या अपात्रतेने जे बिघडत नाही, ते घेणाऱ्याच्या अजाणतेपणाने कसे बिघडेल? मार्टिन ल्यूथर निराशेने घेरले गेले की ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’ अशी स्वतःला आठवण करून देत. आपला विश्वास किती बळकट आहे याची मोजदाद ते करीत बसले नाहीत. पुतण्या दुसऱ्यांदा पाण्यात उतरला, तर देवाने पहिल्यांदा दिलेला शब्द अपुरा होता, असेच तो नकळत म्हणत असेल.

भीमाकाठ

आपल्या पुतण्याच्या जागी मी स्वतः होतो. माझाही बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता, आणि ३१व्या वर्षी मी नदीत उतरलो, म्हणून हे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: लोकांनी वचन ऐकले, त्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, त्यांनी पश्चात्ताप केला आणि मग त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच पुस्तकात फिलिप्पै शहरातील तुरुंगाच्या नायकाचा सर्व घराण्यासह बाप्तिस्मा झाला, त्या ‘सर्व घराण्याचा’ दाखला बालबाप्तिस्म्यासाठी नेहमी दिला जातो, परंतु त्याच उताऱ्यात त्या घरातल्या सर्वांना वचन सांगितल्याचा उल्लेख आहे, आणि तान्ह्या मुलाला वचन सांगितले जात नाही. ऑगस्टीन यांचे नाव आपण घेतलेत, म्हणून आठवण देतो की, आई मोनिका इतकी भक्तिमान असूनही त्यांचा बाप्तिस्मा बालपणी झाला नव्हता. दीर्घ शोधानंतर ३८७ साली मिलानमध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांनी तो घेतला. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये ज्यांनी समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ यांना दोन वर्षांनी लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. हा गैरसमजातून केलेला हट्ट असता, तर त्यासाठी माणसे जिवावर उदार झाली नसती.

आपल्याकडचे वास्तवही पाहावे. कित्येक घरांत बाप्तिस्मा म्हणजे बारशाचीच दुसरी आवृत्ती झाला आहे: नवा झबला, केक, छायाचित्रे, आणि त्यानंतर आईवडील थेट नाताळालाच मंडळीत दिसतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. पाणी आणि विश्वास यांची गाठ आपोआप पडत नाही, याला यापेक्षा प्रामाणिक साक्ष मला ठाऊक नाही.

वसईचा_किनारा

मी कॅथलिक आहे, त्यामुळे स्नानसंस्कार (बाप्तिस्म्याला आम्ही हेच म्हणतो) एकदाच होतो याबाबत प्रस्तावकांशी सहमत आहे. तरीही दोघांचेही लक्ष त्या एकाच क्षणावर खिळले आहे असे मला वाटते. आमच्याकडे सात संस्कार आहेत आणि त्यांत स्नानसंस्कार हा उंबरठा आहे. दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (म्हणजे आपले प्रभुभोजन), पापनिवेदन हे सारे त्या उंबरठ्याच्या आतले आयुष्य आहे. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणाच्या रात्री आम्ही पेटत्या मेणबत्त्या हातात धरून सैतानाचा त्याग करतो, विश्वासाची कबुली पुन्हा देतो आणि धर्मगुरू आमच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. जे आईवडिलांनी माझ्या वतीने म्हटले होते, ते मी दर वर्षी स्वतःच्या तोंडाने म्हणते. हे नूतनीकरण आहे, पुनरावृत्ती नव्हे. त्या तरुणाला कदाचित याचीच भूक लागली असेल.

बारशाबद्दलची तक्रार मात्र मला पूर्णपणे पटते. मूल श्रद्धेत वाढवले जाईल अशी काहीच आशा नसेल, तर स्नानसंस्कार पुढे ढकलावा, असे आमचा धर्मनियमही सांगतो. तो पाळण्याचे धैर्य किती ठिकाणी दाखवले जाते, हा वेगळा विषय आहे.

मराठवाड्याची_लेक

आपण ज्याला दोनदा घ्यावे की एकदा म्हणता, तो बाप्तिस्मा माझ्या वडिलांनी एकदाही घेतलेला नाही. ते रोज पवित्र शास्त्र वाचतात आणि उपासनेत मागच्या बाकावर बसतात, पण प्रभुभोजनाचा प्याला आला की मान खाली घालतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी वडील थांबले ते थांबलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी त्याचे दार उघडे ठेवले होते. स्वतः १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ज्यांनी घरदाराचा विरह सोसला, त्यांनी हे केले, म्हणून ते मला फार मोलाचे वाटते.

नगरकर_वाचक

ताई, आपल्या वडिलांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. संस्कार देवाचा असेल, तर देव त्या संस्काराने बांधला गेलेला नाही, हे मी मानतो. मात्र जी खूण घेण्यासाठी आपल्या वडिलांना एवढी किंमत मोजावी लागली असती, ती माझ्या पुतण्याला मांडीवर असतानाच फुकट मिळाली, आणि ती निरर्थक होती असे त्याने म्हणावे, याचे दुःख आता अधिकच वाटते.

भीमाकाठ यांचा बारशाचा आक्षेप मला मान्य आहे. ऑगस्टीन यांच्याविषयीची दुरुस्तीही खरी आहे, जरी त्यांनीच पुढे बालबाप्तिस्म्याचे समर्थन केले. पण रमाबाईंचा दाखला आपल्याच बाजूवर उलटतो. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या २५ वर्षांच्या होत्या, शास्त्रे जाणत होत्या आणि मिशनरी भगिनींशी सिद्धान्तांवर निर्भीडपणे वाद घालणाऱ्या होत्या. इतक्या समजुतीने घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतरही ख्रिस्त सापडायचा राहिला असेल, तर समजूत ही हमी नव्हे. मग समजुतीच्या प्रत्येक नव्या पायरीवर माणसाने पुन्हा पाण्यात उतरायचे काय?

उत्तर भारत मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून स्थापन झाली, तेव्हा फक्त जाणत्या विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि बालकांनाही देणारे अँग्लिकन एकाच छताखाली आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या: बालपणी बाप्तिस्मा व पुढे दृढीकरण, किंवा बालकाचे अर्पण व पुढे विश्वासाने बाप्तिस्मा. आईवडिलांनी दुसरी वाट निवडली असती, तर मी एक शब्दही बोललो नसतो. एका वाटेने पोहोचल्यावर दुसऱ्या वाटेच्या आरंभी परत जाणे मला पटत नाही.

भीमाकाठ

रमाबाईंविषयीचा आपला मुद्दा विचार करायला लावणारा आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. तरीही आपल्या आणि माझ्या वाचनात एक फरक राहतोच: समजूत पूर्ण असावी असे मी म्हणत नाही, होकार स्वतःचा असावा एवढेच म्हणतो, आणि तो होकार मला त्या दिवशी नदीत, छातीभर पाण्यात उभा असताना देता आला. मला एवढेच विचारायचे आहे की, आपला पुतण्या पुढच्या महिन्यानंतर एखाद्या रविवारी नगरला आला, तर आपल्या मंडळीच्या मेजावर त्याला भाकर आणि प्याला मिळेल काय?

नगरकर_वाचक

मिळेल, आमच्या पाळकसाहेबांशी मी कालच बोललो. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी नदीवर जायचे नाही असे मी ठरवले होते, पण आता वहिनींबरोबर जाईन आणि काठावर उभा राहीन. मंडळीच्या नोंदवहीतील त्याच्या बाप्तिस्म्याची जुनी नोंद मात्र आम्ही खोडणार नाही, आणि तिच्याखाली दुसरी लिहिणारही नाही.