लेकरांच्या तोंडी काय उतरलं, काय राहून गेलं?

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी लातुरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं, सगळं शहर शिवारात. यंदा पुण्याहून भावाची पोरंही आली होती. कडब्याची कोप केली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले, त्यांना चुना लावला, आंबिलाचं बिंदगं ठेवलं. मग बाबा आंबील शिंपडत पुढं आणि आम्ही सगळे मागून ओरडत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!"

भावाचा धाकटा आठ वर्षांचा. मध्येच थांबला. "आजोबा, म्हणजे काय?"

बाबाही थांबले. "म्हणजे... ओलगे." झालं. ७२ वर्षांच्या माणसाला अर्थ माहीत नाही, मलाही नाही. रात्री एका उदगीरच्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, हे शब्द कानडी वळणाचे आहेत. पलीकडं कर्नाटकात याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. धाकट्याला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो "सॅलड पोलगे" म्हणत हरभऱ्यात नाचत होता आणि भज्जी मात्र दोनदा मागून घेतली.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. तुमच्या घरात काय उतरलं, काय नाही? लिहा. चांगलंच लिहिलं पाहिजे असं नाही. आणि बोली दुरुस्त करून लिहू नका, एवढी विनंती.

निलंग्याचा, आता पुण्यात

अकरावीला वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, "काही नाही, अभ्यास करूलालो." खोलीभर हशा. पुढं दोन वर्षं माझं नावच 'करूलालो' होतं. मग जीभ सरळ केली, इतकी की लग्नानंतर घरातही प्रमाण मराठीच. मुलगी नववीत आहे, मराठी चांगली आहे तिची. पण आईचा फोन आला की विचारते, "बाबा, आजी इळभर इळभर काय म्हणते?" इळभर म्हणजे दिवसभर.

आईशी बोलताना मात्र माझं 'करूलालो', 'जाऊलालो' आपोआप परत येतं. तेव्हा मुलगी हातातलं सोडून ऐकत बसते आणि म्हणते, मलापण शिकव. ठरवून बोलायला गेलो की नाटकातल्यासारखं होतं, म्हणून आता आईचा फोन स्पीकरवर ठेवतो. सध्या एवढंच जमलंय.

अंबाजोगाई

आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, हे घरात सगळ्यांना माहीत. रेकॉर्ड करू म्हणून मोबाइल समोर धरला. तिनं दोन ओळी म्हटल्या आणि गप्प. "हात रिकामा हाय गं, काय सुचंना."

जातं अडगळीतून काढलं. खुंटा ढिला झाला होता, त्याला चिंधी गुंडाळून ठोकला. मूठभर ज्वारी घातली. हात फिरायला लागला आणि आजी सुरू. माझी दहा वर्षांची लेक समोर बसून खुंट्याला हात लावून ओढत होती. भाऊ, माय, पंढरी, पुन्हा भाऊ, सासूला एक टोमणा... पाऊण तास. एका ओवीत माझं नाव आलं. मी जन्मले तेव्हा केलेली म्हणे. चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डिंग निम्मं वाया गेलं, कारण जात्याची घरघर शब्दांच्या वर. नंतर म्हटलं, आजी, नुसते शब्द सांग. पुन्हा तेच. हात रिकामा.

मुकुंदराजांच्या समाधीचं आमचं गाव, मराठीचा अभिमान भिंतीभिंतीवर रंगवलेला. २७ फेब्रुवारीला लेकीच्या शाळेत मराठी भाषा गौरव दिन होता. तिनं ओव्या म्हणते म्हणून नाव दिलं. तीन मिनिटं मिळाली आणि थर्माकोलचं जातं. स्टेजवर तिला एक ओळ आठवली नाही. घरी येऊन म्हणाली, "ते जडच नव्हतं."

परभणी

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पोराला पहिलीपासून इंग्रजीत घातलं, पस्तावा नाही. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीत शिकून इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिल्या वर्षी चार विषय राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मीपण पेढे खाल्ले. पण त्यानं पोराचा पेपर सुटणार नाही. घरात तो आमच्यासारखंच बोलतो, आजोबांबरोबर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतो, आवतण देतो. वाचायला दे म्हटलं की अडखळतो. ती माझी चूक, मान्य. वरच्या बाईंच्या थर्माकोलच्या जात्याला हसलो मात्र खूप.

गेवराई तालुक्यातला तांडा

"आपली मातृभाषा" असं सगळे लिहितायत म्हणून लिहिते. माझी मातृभाषा गोरमाटी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली. मराठी मला शाळेत गेल्यावर कळली. आणि शाळा तरी किती? दिवाळीच्या आसपास तांडा रिकामा व्हायचा. मायबाप कोयता घेऊन कारखान्यावर, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. परत यायचं ते उन्हाळ्यात. तिसरीत असताना मला फडावर थोडी कानडी येत होती, मराठीची बाराखडी मात्र अर्धी.

आता मी शिक्षिका आहे आणि मराठी शिकवते. माझा मुलगा घरात मराठीच बोलतो, मीच तशी सवय लावली. मला जे सोसावं लागलं ते त्याला नको, म्हणून. माझी याडी, म्हणजे आई, त्याच्याशी गोरमाटीत बोलते, तो मराठीत उत्तर देतो, दोघांचं चालतं. गेल्या श्रावणात तीजेला तांड्यावर गेलो. पोरी टोपल्यांत गहू पेरून रोज पाणी घालत होत्या, गाणी म्हणत होत्या. मुलगा मला विचारतो, "आई, त्या काय म्हणतायत?" मी भाषांतर करून सांगायला लागले. याडीनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

जिंतूर, प्राथमिक शिक्षक

ताईंचं वाचून स्वतःचंच आठवलं. 'माझे घर' निबंधात एका पोरानं लिहिलं होतं, "आमी राती सपरात निजतो." मी लाल शाईनं 'सपर' खोडून 'झोपडी' केलं. पोरगं वही घेऊन टेबलाशी आलं. "सर, झोपडी न्हाई, सपरच हाय. झोपडीला कूड असतो." सपराला नुसते मेढी आणि वर पाचट, बाजू उघड्या. बरोबर होतं त्याचं. लाल शाई पुसता येत नाही. बाजूला हिरव्यानं 'सपर' लिहिलं आणि सही केली. मुख्याध्यापकांनी वही तपासताना विचारलं, हे काय? म्हटलं, दुरुस्तीची दुरुस्ती.

देगलूर

आमच्याकडं बाजारात तेलुगू, देवळात मराठी, भांडणात दोन्ही. लेकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. दोन-चार आठवडी बाजार फिरवले की झालं.

धाराशिव

माझा अनुभव जरा उलटा आहे. आजोबा निजामाच्या काळात शिकले. तेव्हा कचेरीची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हळूहळू सगळं बदललं, पण आजोबांचा हात बदलला नाही. सही उर्दूत, जमाखर्चही उर्दूत. ते गेल्यावर त्यांची लाल कापडी बांधणीची एक वही माझ्याकडं आली. अंदाजे १९५०-५१ ची. तीस वर्षं ती कपाटात होती. घरात कुणालाच वाचता येत नव्हती आणि आम्ही धरून चाललो होतो की आतली भाषापण उर्दूच.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मित्राची नात, उर्दू शाळेत आठवीला आहे, तिला वही दाखवली. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. "चाचा, ये तो मराठी है." लिपी उर्दू, शब्द सगळे मराठी. सरकी. पेंड. न्हावी. औताचा फाळ. कुठं कुठं तिला शब्द लागेना, मग ती अक्षरं जुळवून म्हणायची आणि अर्थ मी सांगायचो. दोघांनी मिळून त्या दिवशी चार पानं काढली.

एका ओळीत होतं, धाकटीला परकर-पोलकं, ३ रुपये हाली. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानाचं चलन. आणि धाकटी म्हणजे माझी आत्या, आता ऐंशी पार. तिला तिथूनच फोन लावला. ओळ वाचून दाखवली. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "हिरवं होतं."